रक्ततपासणीचा कागद वाचताना

रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती आला की मनुष्याची दृष्टी प्रथम ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते, आणि त्यांत हिमोग्लोबिन उणे दिसले की लोहाच्या गोळ्या, खजूर आणि बीट यांची तजवीज घरच्या घरीच मुक्रर होऊन जाते. प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या आणि पुरुषाचे 13 ग्रॅमच्या खाली गेल्यास रक्तक्षय मानावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष होय; परंतु तो आकडा रक्तक्षय आहे एवढेच सांगतो, तो कशाने झाला हे सांगत नाही, आणि औषध तर त्या कारणावरूनच ठरावयाचे असते.

समजा, जन्मापासून शाकाहारी असलेल्या आणि पाळीत अंगावरून फार जाणाऱ्या एका गृहिणीचे हिमोग्लोबिन 9.8 भरले, पण एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, 88 आले. 80 ते 100 ही त्याची हद्द असल्यामुळे घरची मंडळी निर्धास्त होतात. वास्तविक लोहाच्या अभावी पेशी लहान होतात व बी-12 किंवा फोलेटच्या अभावी मोठ्या होतात. या दोन्ही उणिवा एकाच देहात नांदू लागल्या म्हणजे लहानमोठ्या पेशींची सरासरी मधोमध येऊन दोन्ही दोष झाकले जातात. अशा वेळी त्याच कागदावर, बहुधा कोणाचे लक्ष न जाणाऱ्या ओळीत, आरडीडब्ल्यू 19 असा आकडा असतो. साधारणतः साडेचौदाच्या आत असावयाचा हा आकडा वाढला, म्हणजे पेशी एकसारख्या आकाराच्या राहिलेल्या नाहीत असे समजावे. आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यास तर ही विषमता प्रत्यक्षच दिसते.

फोलेटच्या या कथेचा उगम आपल्या मुंबईतला आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. 1928 साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणीकामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा शोध घेण्यास येथे आली, आणि यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात हे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य फोलेट होते, हे पुढे निष्पन्न झाले.

सर्वांत अधिक घोटाळा फेरिटिन करते. शरीराच्या कोठारात लोह किती शिल्लक आहे याचा हा दाखला. तो फार कमी आला तर लोहाची तूट निश्चित समजावी. मात्र ताप, सांध्यांची सूज, यकृताचा विकार असे काही चालू असताना फेरिटिन आपोआप वाढते, आणि कोठार रिकामे असूनही आकडा भरलेला दिसतो. म्हणून फेरिटिनच्या जोडीला सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह दर्शविणारा आकडा, व ट्रान्सफेरिनची, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाची, संपृक्तता पाहण्याची पद्धत आहे. केवळ रक्तातील लोहाच्या आकड्यावर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण तो एका दिवसातही खालीवर होतो.

आणखी एक प्रकार असा, की हिमोग्लोबिन किंचित कमी, एमसीव्ही 65 इतके खाली, पण तांबड्या पेशींची संख्या मात्र वाढलेली आणि फेरिटिन व्यवस्थित. ही बहुधा थॅलेसेमियाची वाहक अवस्था असते, आणि अशा माणसांना वर्षानुवर्षे निष्कारण लोहाच्या गोळ्या खाव्या लागतात, याचे मला फार वाईट वाटते. हिमोग्लोबिन ए-2 ची तपासणी याचा उलगडा करते. लोहाची तूट असताना मात्र तोही आकडा खाली येऊ शकतो, म्हणून आधी तूट भरून काढणे इष्ट. पतिपत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला तीव्र आजार होण्याचा संभव चारांत एक असतो, तेव्हा ही चौकशी लग्नापूर्वीच झालेली बरी.

पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या रक्तात लोहाची तूट आढळली, तर गोळ्या सुरू करूनच न थांबता जठर-आतड्यांतून रक्त जात नाही ना, याची खातरजमा डॉक्टरांकडून करून घ्यावी. आणि गोळ्यांनी हिमोग्लोबिन पूर्ववत झाले तरी त्या तत्काळ बंद करू नयेत. कोठार भरण्यास त्यानंतरही सुमारे तीन महिने लागतात.