सफरचंदाचा 'स्कॅब' : औषध नैसर्गिक, पण वेळ साधली तरच

- प्रतिनिधी

बाजारात सफरचंद निवडताना आपण प्रथम त्याची साल पाहतो. सालीवर एखादा काळपट, खरखरीत डाग दिसला की ते फळ बाजूला पडते. आतला गर बहुधा चांगला असतो. पण डागी फळाला भाव मिळत नाही. हिमाचल प्रदेशातील किंवा काश्मीर खोऱ्यातील बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न या एकाच पिकावर अवलंबून असते. त्यामुळे ग्राहकाला किरकोळ वाटणारा हा डाग त्याच्या घरखर्चावरच घाला घालतो.

हा डाग पाडणाऱ्या बुरशीजन्य रोगाला 'स्कॅब' म्हणतात. सिमल्याजवळील कोटगड परिसरात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतील 'रेड डेलिशस' जातीची लागवड केली आणि पुढे याच कुळातील जाती डोंगरउतारांवर पसरल्या. दुर्दैवाने या जाती स्कॅबला सहज बळी पडतात. काश्मीरमध्ये १९७३ साली या रोगाची मोठी साथ आली. हिमाचलमध्ये तो १९७७ मध्ये आढळला आणि १९८३ मध्ये त्याने तेथेही हाहाकार उडवला. तेव्हापासून ठरावीक वेळापत्रकानुसार रासायनिक बुरशीनाशके फवारणे हा बागायतीचा भागच झाला.

परंतु या फवारण्यांचा खर्च मोठा आहे. फळावरील अंशांची चिंता आहे. शिवाय काही रासायनिक औषधांना ही बुरशी दाद देईनाशी होते, असा अनुभव अनेक देशांत आला आहे. साहजिकच नैसर्गिक बुरशीनाशकांकडे लक्ष वळले. ती खरोखर उपयोगी पडतात काय? पडतात, मात्र ती कशी काम करतात हे समजून घेतले तरच.

रोग येतो कोठून?

शरद ऋतूत गळून पडलेल्या रोगट पानांमध्ये ही बुरशी हिवाळा काढते. बर्फाखालीही ती टिकून राहते. वसंतात डोळे फुटू लागले की त्याच सुमारास पालापाचोळ्यातील बुरशीचे बीजाणू तयार होतात. पाऊस पडला की ते हवेत उडतात आणि कोवळ्या पानांवर जाऊन बसतात. तेथे रुजण्यासाठी त्यांना ओलावा लागतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मिल्स यांनी १९४४ मध्ये यासंबंधीचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानात पान साधारण नऊ तास सलग ओले राहिले तर लागण होते. थंडी अधिक असेल तर अधिक तास लागतात.

डाग दिसतो तो मात्र पुढे दीड-दोन आठवड्यांनी. प्रथम तो शेवाळी रंगाचा व मखमली असतो, नंतर काळा पडतो. तोपर्यंत बुरशी पानाच्या आत स्थिरावलेली असते आणि त्या डागातून नव्या बीजाणूंची पुढची फळी निघते. म्हणजेच डाग पाहून धावपळ करणाऱ्यास उशीर झालेला असतो.

तांबे, चुना आणि गंधक

नैसर्गिक म्हणून वापरली जाणारी बहुतेक बुरशीनाशके प्रतिबंधक आहेत. ती पानावर थर धरून राहतात आणि बीजाणू रुजण्यापूर्वीच त्याला मारतात. पानाच्या आत शिरलेल्या बुरशीवर त्यांचा इलाज चालत नाही.

यातील सर्वांत जुने व विश्वासू म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्सच्या मेडॉक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडत असत. नेमक्या त्याच वेली केवडा रोगापासून बचावल्याचे बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जगापुढे मांडला. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हे मिश्रण नवे नाही. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना घेतात. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळी करून मग एकत्र करतात. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजावे. मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते. सफरचंदावर त्याची वेळ डोळ्यांतून हिरवे टोक डोकावण्याच्या सुमाराची. फळ धरल्यावर फवारल्यास सालीवर खरखरीत तांबूस चट्टे उठतात आणि रोगाचा डाग टाळण्याच्या नादात औषधाचाच डाग पदरी पडतो.

त्यानंतरच्या काळात गंधक उपयोगी पडते. पाण्यात मिसळणारे गंधक स्कॅबला आवर घालते आणि भुरी रोगावरही चालते. गंधक व चुना एकत्र उकळून केलेले द्रावण अधिक प्रभावी असते. पावसानंतर लगेच फवारले तर नुकत्याच रुजू लागलेल्या बीजाणूंनाही ते रोखते. ही सवलत मात्र काही तासांची, फार तर एक-दोन दिवसांची असते.

ताक, सुंठ आणि सोडा

हिमाचल सरकारने २०१८ मध्ये नैसर्गिक शेतीची योजना सुरू केली. तिचा आरंभीचा पाया विदर्भातील सुभाष पाळेकर यांची पद्धत हा होता. त्यानुसार अनेक बागायतदार आंबट ताक आणि सुंठीचा काढा व दूध यांचे 'सोंठास्त्र' बुरशीसाठी फवारू लागले. ही द्रव्ये स्वस्त आहेत, घरची आहेत आणि फवारणाऱ्याच्या प्रकृतीस त्यांचा धोका नाही. मात्र स्कॅबवरील त्यांच्या परिणामाचा पुरावा तांबे-गंधकाइतका भक्कम नाही. ज्या बागेत रोगाचा जोर आधीच मोठा आहे, तेथे केवळ त्यांच्यावर विसंबणे जोखमीचे ठरेल.

युरोपातील सेंद्रिय बागांत पोटॅशियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्याचाच भाऊबंद, स्कॅबवर वापरला जातो. त्याची अडचण एवढीच की तो पावसाने सहज धुऊन जातो.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

तांबे मातीत विघटन पावत नाही, साठत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून त्याच्या वापरावर हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे. मातीतील वाढते तांबे गांडुळांना घातक असते आणि रोगट पाने कुजवून नाहीशी करण्यात गांडुळांचाच मोठा वाटा असतो. गंधकाने कडक उन्हात, ३० अंशांच्या वर पाने करपतात. खनिज तेलाची फवारणी केली असेल तर गंधकापूर्वी किमान दोन आठवड्यांचे अंतर राखावे. फुलोऱ्यात मधमाश्यांचा वावर असताना कोणतीही फवारणी टाळलेली बरी.

खरा उपाय झाडाखाली

बीजाणू पालापाचोळ्यातून येत असतील, तर पहिला उपाय पंपात नसून झाडाखाली आहे. पानगळीनंतर पाने गोळा करून कंपोस्ट खड्ड्यात पुरणे किंवा बारीक चिरडून लवकर कुजू देणे, यामुळे वसंतातील बीजाणूंची संख्या घटते. पूर्ण नैसर्गिक पद्धतीचा आग्रह नसलेले बागायतदार पानगळीच्या तोंडावर पाच टक्के युरियाची फवारणी करतात. तिने पाने लवकर कुजतात. अवेळी पानगळ घडवणारी मार्सोनिना बुरशीही गळलेल्या पानांतच मुक्काम करते, त्यामुळे ही मेहनत दुहेरी फळ देते. छाटणीने झाड मोकळे ठेवले तर पाने लवकर सुकतात आणि लागणीला लागणारे ओले तास पुरे होत नाहीत. नवी बाग लावताना 'फ्लोरिना', 'प्रिमा', 'लिबर्टी' यांसारख्या रोगास तोंड देणाऱ्या जातींचाही विचार करता येतो.

एवढे केल्यावर ताक असो वा गंधक, त्याच्यावरचा भार हलका होतो. उलट झाडाखाली रोगट पाने तशीच ठेवून वरून कितीही नैसर्गिक औषध फवारले, तरी प्रत्येक पावसासरशी रोग नव्याने चढत राहील. आणि ग्राहकानेही एक लक्षात ठेवावे : सालीवरचा छोटा डाग फळ विषारी करत नाही. कमी फवारणीचे फळ हवे असेल, तर टोपलीतील एखाददुसरे डागी सफरचंद आपल्यालाही चालवून घ्यावे लागेल.