शोकातील आनंद आणि त्याचे बळ

रुग्णालयात दाखल झालेला प्रत्येक रुग्ण बरा होऊनच घरी परततो, असे घडत नाही. वार्षिक अहवालाच्या तक्त्यांत उपचारांची मोजदाद असते. मागे राहिलेल्या आप्तांच्या दुःखासाठी मात्र रकाना नसतो. घाटंजीसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात घरचा कर्ता माणूस गेला, तर शोकासोबतच शेती, कर्ज आणि मुलांचे शिक्षण यांचाही भार कुटुंबावर येऊन पडतो. तेरवी आटोपते, पाहुणे परततात आणि खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. अशा काळात ख्रिस्ती श्रद्धा ज्या आनंदाविषयी बोलते तो नेमका कोणता, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

हा आनंद म्हणजे अश्रूंना केलेली मनाई नव्हे. बेथानी येथे आपला मित्र लाजर याच्या मृत्यूने स्वतः येशूही रडला, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. सुख परिस्थितीवर अवलंबून असते. हा आनंद मात्र दुःखातही देवाने आपली साथ सोडलेली नाही, या विश्वासावर उभा असतो. म्हणूनच बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौल पुनःपुन्हा आनंदाचा उल्लेख करतो. नहेम्याच्या ग्रंथात तर रडणाऱ्या लोकांना दोन गोष्टी एकत्रच सांगितल्या आहेत : परमेश्वराच्या ठायी असलेल्या आनंदातून सामर्थ्य मिळते, आणि ज्यांच्या घरी काहीच तयार नाही, त्यांना आपल्या अन्नातील वाटा पाठवावा. शोकाकुल हात दुसऱ्यासाठी पुढे होतो, तेव्हा त्यालाही बळ येते, हे या आनंदाचे मर्म होय.

पंडिता रमाबाईंचे (1858–1922) जीवन याची साक्ष देते. दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. 1880 मध्ये बंधू श्रीनिवास आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. तेव्हा कन्या मनोरमा अगदी तान्ही होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले. पुढे 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व स्त्रियांना सोबत आणले आणि केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला. ज्या उपासमारीने त्यांना पोरके केले होते, तिच्याच तावडीतून त्यांनी इतरांना सोडविले. 1921 मध्ये, कार्याचा वारसा चालविणारी मनोरमाही त्यांच्याआधी गेली. हा आघात सोसूनही त्यांनी मूळ भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवण्यापूर्वी ते काम पूर्ण केले.

अर्थात, प्रत्येक शोकग्रस्ताने रमाबाईंइतके मोठे कार्य करावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. ‘श्रद्धा असेल तर रडू नका’ असे सांगणे हे सांत्वन नव्हे. दुःखिताजवळ निःशब्द बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्या घरी जेवणाचा डबा पोहोचवावा, बँकेच्या वा तहसीलच्या कामाला सोबत जावे आणि महिन्या-दोन महिन्यांनंतरही चौकशी करावी. सावरलेल्या व्यक्तीलाही कालांतराने अशाच दुसऱ्या घरी सोबत न्यावे.

श्रद्धा आणि औषधोपचार यांत विरोध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्रतेने टिकून दैनंदिन जीवन ठप्प करणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. झोप व अन्न तुटले असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणेच नकोसे वाटत असेल, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तातडीने मदत मिळवावी. शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. मदत मागणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे. ज्या हातांनी वाटा द्यायचा, त्याच हातांनी तो घेण्यातही कमीपणा नाही.