रक्तालाही म्हातारपण येते!

केस पिकतात, दात हलू लागतात, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. हे म्हातारपण सर्वांना दिसते. रक्तालाही म्हातारपण येते, ते मात्र दिसत नाही. साठी-सत्तरीच्या माणसाच्या रक्तपेशींत गुणसूत्रांचे दोष आढळतात. अहवालात तसे लिहून आले की घरात घबराट उडते. उलट, रक्ताचे खरे दुखणे असले तरी ‘वय झाले, अशक्तपणा यायचाच’ म्हणून ते अंगावर काढले जाते. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी थोडी माहिती करून घेऊ.

गुणसूत्रे कोठे असतात?

पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी एक जोडी लिंग ठरवते. स्त्रीत दोन एक्स, तर पुरुषात एक एक्स व एक वाय असे गुणसूत्र असते. रक्तातल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसते, म्हणून ही तपासणी पांढऱ्या पेशींवर किंवा अस्थिमज्जेवर करतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्या विभागत असतानाच औषधाने थांबवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजायची, अशी ही पद्धत आहे.

वयाबरोबर काय बिघडते?

हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा हा रक्ताचा कारखाना. तेथे दररोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स वेगळ्याच. हे काम जन्मभर अखंड चालते. पेशी विभागताना प्रत्येक वेळी गुणसूत्रांची नक्कल होऊन दोन्ही नव्या पेशींत समान वाटणी व्हावी लागते. इतक्या वर्षांत वाटणीत कुठे तरी चूक होतेच. तरुणपणी अशा बहुतेक पेशी दुरुस्त होतात किंवा मरतात. वय वाढते तशी ही देखरेख सैल पडते व काही सदोष पेशी टिकून राहतात, वाढतात.

एडिंबरो येथील पॅट्रिशिया जेकब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली दाखवले, की वयाबरोबर रक्तात ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रांच्या पेशी वाढत जातात. स्त्रियांत बहुधा एक्स गळते, पुरुषांत वाय. वाय गुणसूत्र आकाराने लहान असते आणि ते नसले तरी रक्तपेशी जगू शकते, म्हणून ही गळती सर्वांत जास्त दिसते. ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक पुरुषांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील दर पाचांपैकी एकाच्या रक्तात वाय गळालेल्या पेशी आढळल्या. सत्तरीच्या पुरुषांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते.

हा आजार आहे का?

नुसते वाय गळणे म्हणजे कॅन्सर नव्हे. वृद्ध पुरुषाच्या अस्थिमज्जेत एवढा एकच दोष सापडला, तर त्यावरून रक्ताच्या आजाराचे निदान करत नाहीत. नातवंडांची काळजीही नको. हा दोष रक्तात मागाहून आलेला असतो, बीजपेशींत नसतो, त्यामुळे तो पुढच्या पिढीत जात नाही.

मात्र तो अगदीच निरुपद्रवी, असेही म्हणता येत नाही. ज्यांच्या रक्तात अशा पेशींचे प्रमाण मोठे असते, त्या पुरुषांचे आयुर्मान सरासरीने कमी भरते व कॅन्सरचा धोका अधिक दिसतो, असे स्वीडनमधील संशोधकांना २०१४ मध्ये आढळले. २०२२ मध्ये उंदरांवरील प्रयोगात, वाय नसलेल्या रक्तपेशींमुळे हृदयाचे स्नायू निबर होतात, असे दिसले.

काही दोष तर सरळ आजाराचेच असतात. नववे व बाविसावे गुणसूत्र यांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली, की एका प्रकारचा रक्ताचा कॅन्सर होतो. १९६० साली त्याची खूण प्रथम सापडली. २००१ पासून त्यावर इमॅटिनिब हे गोळीच्या रूपातले औषध मिळू लागले व या आजाराचे भवितव्यच पालटले. म्हणून अहवालात कोणता दोष लिहिला आहे, हे रक्तविकारतज्ज्ञांकडूनच समजून घ्यावे.

तंबाखूचा धूर

वय आपल्या हातात नाही, धूम्रपान आहे. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत वायची गळती न करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळते. सोडलेल्यांत ती ओढत असणाऱ्यांपेक्षा कमी दिसते. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असे विचारणाऱ्या आजोबांना हे उत्तर पुरेसे आहे. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समजही सोडून द्यावा.

काय करावे?

प्रकृती ठीक असताना केवळ वय झाले म्हणून गुणसूत्रांची महागडी तपासणी करू नये. त्याने उपचार बदलत नाहीत, झोप मात्र उडते. पण पुढील लक्षणे असतील तर डॉक्टरांना दाखवावे:

१. चेहरा फिका पडणे, थोड्या श्रमानेही धाप लागणे.
२. वरचेवर ताप किंवा जंतुसंसर्ग होणे.
३. हिरड्यांतून रक्त येणे, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठणे.
४. मानेत, काखेत वा जांघेत गाठी येणे. कारण नसताना वजन घटणे.

सुरुवातीला साधी सीबीसी पुरते, रक्ताची काचपट्टीही पाहून घ्यावी. हिमोग्लोबिन कमी असेल तर केवळ टॉनिकच्या बाटल्या आणू नयेत. लोह कमी असल्यास पोटातून किंवा मूळव्याधीतून रक्त जाते का, ते पाहावे लागते. शाकाहारी वृद्धांत बी-१२ जीवनसत्त्व कमी असणे नेहमीचेच आणि ते भरून काढणे सोपे. एवढे करूनही रक्त वाढत नसेल किंवा पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्सही कमी असतील, तर अस्थिमज्जेची व गुणसूत्रांची तपासणी करावीच. तेव्हा खर्चाकडे पाहून चालढकल करू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा अशक्तपणा वयाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी त्यांचे रक्त एकदा तपासून घ्यावे.