बाहीचा हिशेब

मुंबईच्या उपनगरांत लोकरीचें विणकाम कशासाठीं, असें पुण्या-नाशिककडचे पाहुणे हंसत विचारतात. सांताक्रूझ येथें २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, एवढें त्यांस सांगावें. पण खरी गोष्ट निराळीच आहे. अंधेरी-मुलुंडच्या घरांत सुयांवर चढलेला स्वेटर आज पुष्कळदां सातासमुद्रांपलीकडच्या नातवंडासाठीं असतो. तें मूल मापास समोर उभें करतां येत नाहीं. म्हणून सारा भरंवसा हिशेबावर.

पाठ व पोट यांचें काम इंचपट्टीवर भागतें. हिशेब चुकतो तो बाहींत. ती मनगटाशीं अरुंद व दंडाशीं रुंद, तेव्हां ठराविक ओळींनीं दोन्ही कडांस एकेक टाका वाढवीत जाणें आलें. समजा, इंचास सात टाके व नऊ ओळी बसतात. मनगटाशीं ४४ टाके आहेत आणि दंडाशीं ६४ हवे आहेत. वाढ वीस टाक्यांची, प्रत्येक वेळीं दोन, म्हणजे वाढीच्या ओळी दहा. मनगटाची पट्टी सोडून लांबी आठ इंच, म्हणजे ७२ ओळी. पहिली वाढ पांचव्या ओळींत करून पुढें दर सहावी ओळ धरली, तर दहावी वाढ ५९व्या ओळींत येते व वरच्या १३ ओळी बिनवाढीच्या राहतात. पहिली ओळ सुलट बाजूची असली कीं वाढ नेहमीं सुलट बाजूसच पडते. ही सोय लहान नव्हे.

कागदावर हें सोपें दिसतें. प्रत्यक्षांत सतराव्या ओळीशीं दूध उतूं जातें, दाराची घंटा वाजते, मामंजींच्या औषधाची वेळ होते, आणि परतल्यावर वाढ झाली कीं व्हावयाची आहे, हें आठवत नाहीं. लाखोली वाहणाऱ्या आज्यांच्या घरांत मोजणी ही कांहीं नवी विद्या नव्हे. जपाप्रमाणें दोन बोटांचीं सहा पेरें मोजावीं असें कोणासही सुचेल. पण येथें बोटें सुयांत गुंतलेलीं! त्यापेक्षां वाटींत सहा चिंचोके घ्यावे (पहिल्या खेपेस पांच) व ओळ संपली कीं एक दुसऱ्या वाटींत टाकावा. ओळ संपल्यावरच, आरंभीं टाकल्यास अर्धवट सोडलेली ओळ पुरी गणली जाते.

बोरिवलीच्या लोकलमध्यें अर्थात् वाट्या मांडतां येत नाहींत. तेथें वाढीच्या टाक्यांत निराळ्या रंगाचा दोरा अडकवावा. इंका लोक दोऱ्यांच्या गांठींत राज्याचे हिशेब ठेवीत. आपली बाहीही तशीच बोलकी आहे. सुईवर ५६ टाके भरले, तर त्यांतून ४४ वजा करून निम्मे केले कीं सहा वाढी झाल्या, म्हणजे शेवटची ३५व्या ओळींत. त्या दोऱ्यावरच्या ओळी, सुईवरची धरून, चार भरल्या तर ३९ ओळी झाल्या. आणखी एक साधी विणून ४१व्या ओळींत वाढ करावी.

दुसरी बाही मात्र पहिलीवर बेतून विणण्यापेक्षां दोन्ही एकाच लांब सुईवर, लोकरीचे दोन गोळे घेऊन, बरोबरच विणाव्या. गोळे एकमेकांत गुंततात, घरांतल्या पोरांना तें खेळणें होतें. तरी एक बाही बोटभर लांब होण्यापेक्षां तो त्रास पत्करला. उसवावें लागलेंच, तर ती लोकर लडी करून कोमट पाण्यांत धुवावी व खालीं हलकेंसें वजन बांधून सावलींत टांगावी. वळ्या गेल्याखेरीज ती पुन्हां सुईवर घेऊं नये.