गुणगुण आणि तिसरी पिन

एक मायक्रोफोन, एक संगणक आणि ऑडिओ इंटरफेस नावाची लहानशी पेटी एवढ्या सामग्रीवर आता घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण होऊ शकते, आणि ज्याने तो उद्योग केला आहे त्याच्या कानावर गाण्याच्याही आधी यंत्राची अखंड गुणगुण पडलेली असते. तिच्या बंदोबस्तासाठी जो सल्ला हमखास मिळतो तो असा, की प्लगची तिसरी, जाड पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, काढून टाकावी किंवा तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. सल्लागार बहुधा जाणता असतो, आणि दुर्दैव असे की त्याचा अनुभव खोटाही नसतो. पिन काढल्यावर गुणगुण पुष्कळदा खरोखरच थांबते. ज्या उपायाने रोग हटतो तो उपाय घातक असू शकतो, हे लोकांच्या गळी उतरविणे म्हणूनच फार जड जाते.

ही गुणगुण येते कोठून? आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, आणि ती ध्वनिमार्गात शिरली की ५० हर्ट्झचा स्वर आणि त्याचे १००, १५०, २०० असे पटीतले स्वर ऐकू येतात. बाजाच्या पेटीवरच्या सफेद पाचापेक्षा हा स्वर किंचित चढा असतो. त्यामुळे काळी एकमध्ये यमन गाणाऱ्याला तीव्र मध्यम फुकट मिळतो, मात्र बेसुर. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका भिंतीवर आणि गिटारचा अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीवर जोडला, आणि ध्वनीच्या केबलने ती दोन यंत्रे परस्परांशी बांधली, की दोन अर्थिंगच्या तारा आणि केबलचे धातूचे वेष्टन मिळून एक बंद वर्तुळ तयार होते; त्यातून फिरणारा अल्पसा प्रवाह वेष्टनातून वाहताना मूळ ध्वनीत मिसळतो. वर्तुळ कोठेही तोडले तरी गुणगुण जाईल हे उघड आहे, आणि तोडण्यास सर्वांत अयोग्य अशी जागा म्हणजे ती पिन.

कारण त्या पिनेचा आणि संगीताचा काही संबंधच नाही. यंत्राच्या आत फेजची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर पिनेतून मोठा प्रवाह जमिनीकडे धावतो आणि फ्यूज किंवा एमसीबी तत्काळ तुटतो; पिन नसेल तर पेटी २३० व्होल्टवर मुकाट्याने उभी राहते. विजेच्या गिटारच्या तारा केबलच्या वेष्टनामार्फत अँप्लिफायरच्या पेटीशी जोडलेल्या असतात. वादकाची बोटे त्या तारांवर आणि ओठ अर्थ झालेल्या मायक्रोफोनच्या जाळीवर टेकले, की उरलेली वाट वादकाच्या देहातून जाते. देहाचा विरोध सुमारे १००० ओहम धरला तर हा प्रवाह २३० मिलिअँपिअर भरतो. जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटावा अशी तजवीज करतात, ती उगाच नव्हे. ज्या जुन्या घरांत तो बसविलेलाच नाही तेथे १६ अँपिअरच्या एमसीबीला पाव अँपिअरचा पत्ताही लागत नाही.

हा बागुलबुवा आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन दाखले. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथील रंगमंचावर, अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागताच, मरण पावला; आणि ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये, रंगमंचावर नव्हे, स्वतःच्या घरी, अर्थिंग सदोष असलेले गिटार वाजवीत असताना गेला.

यावर ठरलेली वकिली अशी, की ध्वनीच्या केबलमधून यंत्राला अर्थ मिळतच असतो. मिळतो, परंतु ते वेष्टन अपघाताचा प्रवाह वाहून नेण्यासाठी बनविलेले नसते, आणि केबल ज्या क्षणी उपसली जाते त्या क्षणी तेवढाही आधार उरत नाही. दुसरा युक्तिवाद असा, की ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचे बटण कंपन्याच देतात. वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडावयाच्या डीआय बॉक्सवरचे ते बटण ध्वनीच्या केबलचे वेष्टन एका टोकाला सोडविते, विजेच्या अर्थिंगला ते स्पर्शही करीत नाही. वर्तुळ तोडण्याची कायदेशीर जागा तीच. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले, की केबलचे वेष्टन यंत्राच्या पेटीला न जोडता आतल्या पट्टीवर आणून सोडल्यानेच पुष्कळशी गुणगुण उपजते, आणि सोसायटीचे २००५ चे एईएस ४८ हे मानक याच विषयाचे आहे. दोष यंत्राच्या रचनेत असताना शिक्षा पिनेला करण्याचा हा न्याय अजब आहे.

अर्थ नसलेल्या घरात सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे वायरमन याहूनही भयंकर. न्यूट्रल वाटेत तुटला की घरातील प्रत्येक धातूची पेटी जिवंत होते. केवळ ध्वनिमुद्रणासाठी अंगणात वेगळा अर्थ पुरणेही व्यर्थ, कारण दोन अर्थांमध्ये दाबाचा फरक पडून गुणगुण वाढते आणि वीज कोसळली तर तो फरक प्राणघातक होतो.

शोध घ्यावा तो क्रमाने. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवावा. गुणगुण गेली तर अपराधी सापडला. सर्व यंत्रे एकाच अर्थ असलेल्या बोर्डावरून घ्यावीत. ध्वनीच्या केबली उपसून एकेक परत जोडावी, त्या विजेच्या वायरींना समांतर न नेता काटकोनात ओलांडाव्यात, आणि तरीही वर्तुळ उरल्यास ध्वनिमार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बंद करून पाहण्यास तर काहीच खर्च नाही. धातूला हात लावताच गुणगुण कमी होत असेल, तर बहुधा अर्थ जास्त झालेला नसून कमी पडलेला असतो.

किरकोळ गैरसमज पुष्कळ आहेत. मायक्रोफोनची जाळी मुठीत धरल्याने शिट्टी थांबत नाही, बहुधा वाढते, कारण मागच्या बाजूचा आवाज टाळणारी छिद्रेच झाकली जातात. शिट्टी म्हणजे मायक्रोफोन बिघडला असे नव्हे. स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरतो एवढेच, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्पीकर बंद ठेवून हेडफोन लावावा, आणि केबल काढता-घालताना तो कानांवरून उतरवावा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून शेजाऱ्याचा मिक्सर बंद होत नाही, मात्र ते पेट चटकन घेतात. सोन्याचा मुलामा दिलेला प्लग गंजत नाही. गुणगुण त्याला ओळखत नाही. आणि टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असे समजणाऱ्यांना सांगावयाचे, की तो दिवा फेज दाखवितो. अर्थची परीक्षा करावयाची तर जाणत्या वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवावे.