वायरलेस सेन्सरचा आकडा खरा की खोटा? घरच्या घरी तपासणी



३० मे २०२४ आठवतो ना? नवतपा सुरू होता आणि नागपुरात ५६ अंश तापमानाची बातमी देशभर फिरली. रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ आणि सोनेगावच्या केंद्राने ५४ अंश दाखवले होते. शहर-परिसरातली इतर दोन केंद्रं मात्र ४४ च्या आसपास होती. भारतातला अधिकृत उच्चांक ५१ अंशांचा आहे (फलोदी, राजस्थान, २०१६). नंतर हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता.

ही चूक पकडली गेली ती शेजारच्या केंद्रांमुळे. एकच यंत्र असतं तर शंका कशी घेणार? आपल्या घरात, शाळेत नेमकं तेच असतं: गच्चीवर एक सेन्सर आणि बैठकीत एक डिस्प्ले. त्यावर विसंबून आपण मुलांना मैदानावर पाठवायचं की नाही, आजीच्या खोलीतला कुलर कधी लावायचा, हे ठरवतो. म्हणून तपासणी यायलाच हवी.

आधी बिघाड कोणता ते ओळखा

बिघाड दोन प्रकारचे असतात. आकडा येतच नाही, किंवा येतो पण चुकीचा येतो. पहिला निरोप पोहोचण्याचा प्रश्न आहे, दुसरा मोजण्याचा. दोन्हींचे उपाय वेगळे.

आकडा येत नाही, मधेच गायब होतो

१. सेल बदला. दोन्ही सेल नवे आणि एकाच प्रकारचे घ्या. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा पेन्सिल सेल १.५ चा. काही सेन्सरना तेवढा फरकही चालत नाही.

२. सेन्सर डिस्प्लेजवळ आणा. जवळ चालतो आणि दूर बंद पडतो, म्हणजे दोष वाटेत आहे. स्लॅब, लोखंडी ग्रिल, टिनाचं शेड, स्टीलचं कपाट, पाण्याची टाकी हे सगळे रेडिओ लहरी अडवतात. अशा वेळी सेन्सर दोन-तीन फूट सरकवला तरी काम होतं.

३. वायफाय किंवा झिगबीवर चालणारा सेन्सर असेल, तर ते बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर, मायक्रोवेव्ह यांचीही तिथेच गर्दी असते. त्यांच्यापासून अंतर ठेवा.

आकडा येतो, पण पटत नाही

बहुतेक वेळा दोष जागेचा असतो. उन्हात ठेवलेला सेन्सर हवेचं नव्हे, स्वतःच्या तापलेल्या डबीचं तापमान सांगतो. म्हणूनच वेधशाळेत उपकरणं पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. घरी उत्तरेकडची, दिवसभर सावलीतली, वारा खेळणारी जागा निवडा. तापलेल्या भिंतीला चिकटवू नका. कुलरच्या झोतात ठेवलात तर तापमान कमी आणि आर्द्रता जास्त दिसेल.

आणखी एक गोष्ट बघा. डीएचटी-११ हा शाळेच्या प्रयोगांत सर्रास वापरला जाणारा स्वस्त सेन्सर. त्याची मर्यादाच ५० अंशांची आणि अचूकता अधिक-उणे २ अंशांची. आपल्या मे महिन्यात उन्हातली डबी ही मर्यादा सहज ओलांडते.

तापमान चुकलं की आर्द्रताही चुकते. समजा हवा ३० अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे. सेन्सर तेवढा ३३ अंशांपर्यंत तापला, तर तो सुमारे ५० टक्केच दाखवेल. हवेतलं बाष्प तेवढंच असतं. पण उष्ण हवेची बाष्प सामावण्याची क्षमता जास्त, म्हणून टक्केवारी घसरते.

मिठाची परीक्षा

बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू देऊ नका. झाकण आणि सेन्सर प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवा. स्टीलचा डबा नको, त्यातून सिग्नल येणार नाही. मीठ सेन्सरला लागता कामा नये. डबा सावलीत, सारख्या तापमानात रात्रभर राहू द्या. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर ७० दाखवत असेल, तर त्या सुमारास तो ५ ने कमी दाखवतो, असं लिहून ठेवा. फरक खूप मोठा असेल किंवा दर वेळी वेगळा येत असेल, तर सेन्सर बदलाच.

वर्गात काय कराल?

प्रयोगशाळेतला तापमापी आणि सेन्सर सावलीत शेजारी ठेवा. मुलांना आठवडाभर सकाळी आठ, दुपारी दोन आणि शाळा सुटताना दोन्ही नोंदी घ्यायला सांगा, आणि फरकाचा तक्ता करून घ्या. फरक रोज सारखाच असेल तर दुरुस्ती करून सेन्सर वापरता येतो. फक्त दुपारीच वाढत असेल तर ऊन कुठून येतं ते मुलंच शोधून काढतील. पुढच्या नवतप्यात एखादा भलताच आकडा मोबाइलवर आला, की हीच मुलं आधी विचारतील, "बाजूचं केंद्र काय म्हणतं?"