आधी निदान, मग औषध

रहिमतपूर भागात आल्याची पाने पिवळी पडली, की आपण थेट औषधाचे दुकान गाठतो. पण ती कंदकूज असेल, तर कीटकनाशकाचा खर्च वाया जातो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने विक्रीला परवाना लागतो. सल्ला देण्यासाठी वेगळा परवाना नाही. कॅलिफोर्नियात मात्र सल्लागारालाही परवाना लागतो आणि शिफारस लेखी द्यावी लागते. प्रश्न केवळ पैशांचा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून रोगट रोप कंदासह बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. रोग, औषध, प्रमाण आणि फवारताना घ्यायची काळजी लिहून घ्या. मगच दुकानात जा, आणि पक्की पावती मागा.